शिशाच्या भट्टीवरचा गूळ

आमच्या घरात गूळ विकत आणल्याचं मला आठवत नाही. तो आबांच्या खिशातून यायचा. आबा म्हणजे माझे वडील. गडमुडशिंगीच्या पलीकडं माळावर शिशाची एक भट्टी होती, तिथले ते मुकादम. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथं ढिगानं येऊन पडायच्या. त्या कुऱ्हाडीनं फोडायच्या, आतल्या काळ्या पट्ट्या उपसायच्या, भट्टीत घालून वितळवायच्या आणि साच्यात ओतून शिशाच्या विटा पाडायच्या, असं ते काम. सगळीकडं राखाडी धूळ. माणसं राखाडी, भिंती राखाडी, फाटकाजवळचं लिंबाचं झाडसुद्धा राखाडी. पाळी सुरू व्हायच्या आधी आबा फाटकाच्या आत एका पोत्यावर गुळाची ढेप ठेवायचे, तिच्यावर हातोडीचा एकच घाव घालायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा टेकवायचे. गुळानं धूळ खाली उतरते, छाती मोकळी राहते, असं कोल्हापूरच्या फौंड्र्यांत काम केलेला कुठलाही माणूस तुम्हाला आजही सांगेल. मालकाचे वडील फौंड्रीत राबलेले, त्यांनी ही रीत आणली आणि आबांनी ती देवाच्या नैवेद्यासारखी सांभाळली. खडा कुणी तिथंच चघळायचं, कुणी खिशात ठेवून दिवसभर थोडा थोडा तोडायचं. कुऱ्हाड टाकली की तुकडा, ओतणं झालं की तुकडा. त्याच हातानं, हे वेगळं सांगायला नको.

आबा आपल्यातला अर्धा खडा माझ्यासाठी राखून आणायचे. मी तेव्हा दहावीला नापास होऊन घरी बसलेली, म्हणजे खडा मागायचं वय काही राहिलं नव्हतं, पण मागायची. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला तो गूळ जरा खरखरीत लागायचा आणि मला वाटायचं, भट्टीचा गूळ असाच असतो. आबांना त्या गुळाचा फार अभिमान होता. आमच्या भट्टीवर माणसाला माणूस म्हणून वागवतात, असं ते कुणीही पावणं घरी आलं की सांगायचे आणि पुरावा म्हणून खिसा उलटा करून दाखवायचे. मालक काही राक्षस नव्हता, खोटं कशाला सांगू. दिवाळीला कपडे द्यायचा, कुणाच्या लग्नाला टेम्पो द्यायचा. फक्त नळ मात्र त्यानं दिला नव्हता. भट्टीवर पाण्याचं एक पिंप होतं आणि ते प्यायचं पाणी. हात धुवायला पाणी लागतं, हा विचार तिथं कुणाच्याच डोक्यात नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा हात मळकाच असायचा, त्यात काय लाजायचं, अशी आमची समजूत.

घर आमचं दोन खोल्यांचं आणि पुढं म्हशीचा गोठा. म्हशीचं नाव हरणी. नावाला हरणी, अंगानं एसटी. पहाटे घर जागं व्हायचं ते तिच्या रेकण्यानं, मग चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज, मग आईच्या खलबत्त्यात खर्ड्याच्या मिरच्या. आबा धार काढताना काहीतरी गुणगुणायचे आणि हरणी त्यांच्याशिवाय कुणालाही आचळाला हात लावू द्यायची नाही. मला तर ती शेपटीनं फटकवायची. रात्रीचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि उडदाचं घुटं, वर कच्च्या तेलाची धार. आबांना घुटं इतकं आवडायचं की ते भाकरी बाजूला ठेवून नुसतं ओरपायचे. म्हणून ज्या दिवशी त्यांनी घुट्याची वाटी सरकवून ठेवली त्या दिवशी आई घाबरली. पोटात कळ येते म्हणाले. आईनं ओवा दिला, एरंडेल दिलं, शेजारच्या म्हातारीनं दृष्ट काढली. कळ जायची आणि परत यायची. आबा चिडचिडे झाले. चहात साखर कमी, रेडिओ मोठा, दार नीट का लावलं नाही, कशावरूनही ओरडायचे. तोंडाला कायम गोडूस चव येते म्हणायचे. आई म्हणायची, एवढा गूळ खाल्ल्यावर दुसरं काय व्हणार.

मग एका पहाटे त्यांनी चरवी माझ्यापुढं ठेवली आणि सांगितलं, आजपासनं धार तू काढायची. मी हबकलेच. आबांनी हरणी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे पैलवानानं आपला लंगोट उसना देण्यापैकी. का, असं विचारलं तर म्हणाले, उद्या सासरी जाशील, तिथं काय हात हलवत बसणार? मला इतका राग आला! नापास झाले म्हणून ही शिक्षा, असं मी पक्कं धरून चालले. पहिले काही दिवस हरणीनं मला लाथा घातल्या, शेणात लोळवलं, आणि आबा गोठ्याच्या दारात दोन्ही हात काखेत घालून उभं राहून सूचना देत राहिले. अंगठा आत घे. ओढू नकोस, दाब. मी मनात म्हणायची, एवढं येतंय तर करा की तुम्हीच.

त्याच सुमाराची एक गोष्ट मला अजून डोळ्यांपुढं दिसते. कागलला आत्याकडं जायला आम्ही हायवेच्या फाट्यावर उभे होतो. एसटी आली. आबांनी हात केला. गाडी आमच्यासमोरून सरळ निघून गेली. दुसरी आली, आबांनी परत हात केला, तीही गेली. तिसऱ्या गाडीला मीच रस्त्यात पुढं होऊन दोन्ही हात हलवले तेव्हा ती थांबली. कागल येईपर्यंत आबा कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्या ड्रायव्हर लोकांचा उद्धार करत होते आणि मीही त्यांना साथ देत होते. ड्रायव्हरची काही चूक नव्हती. हे मला नंतर कळलं.

बाई आमच्या गावात आल्या त्या स्कूटरवरून. डॉक्टर होत्या, पण गळ्यात नळी घालून मिरवणाऱ्या नव्हत्या. केस कापलेले, पायात कोल्हापुरी, आवाज खणखणीत. शहरातल्या एका दवाखान्यात भट्टीवरचे एक-दोन गडी पोटदुखीनं येऊन गेले होते, त्यांच्या हिरड्यांवर बाईंना निळसर रेघ दिसली आणि त्या मागं लागत लागत आमच्या माळापर्यंत पोचल्या. मालकानं फाटकातूनच परत पाठवलं. मग त्या गावात शिरल्या आणि देवळापुढच्या पारावर बायकांना गोळा केलं. मी गेले ती स्कूटर बघायला. बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मी स्कूटर विसरले. शिसं अंगात कसं शिरतं, धुरातून, धुळीतून, हातावरून तोंडात. रक्तात बसतं, हाडात बसतं, पोटात पिळा घालतं, आणि शेवटी हाताच्या नसा धरतं, हे त्यांनी अगदी आपल्या भाषेत सांगितलं. ही काही नवी गोष्ट नाही म्हणाल्या. विलायतेत चिनी मातीची भांडी रंगवणाऱ्या बायकांचे असेच हात जायचे, आजी-पणजीच्या काळात, आणि तिथल्या बायका-पुरुषांनी ओरडून ओरडून कायदे करायला लावले. बायकांनी, म्हणाल्या बाई, आणि माझ्याकडंच बघितलं. निदान मला तरी तसं वाटलं.

मग बाई म्हणाल्या, घरी गेल्यावर आपापल्या माणसाला एक काम सांगा. एसटीला हात करतो तसा करून दाखव म्हणावं. हात पुढं, पंजा वर. ज्याला पंजा वर उचलता येणार नाही, त्याला माझ्याकडं आणा.

मला तिथं पारावर बसल्या बसल्या दिसायला लागला फाटा, पहिली गाडी, दुसरी गाडी, आबांचा पुढं केलेला हात, आणि त्या हाताला खाली लोंबणारा पंजा. ड्रायव्हरला वाटलं असणार, हा माणूस जा म्हणतोय. चरवी, काखेत घातलेले हात, सगळं एकदम डोक्यात आलं. मी पळत घरी गेले आणि आईला चुलीपुढून उठवून बाहेर आणलं. आबांच्या हातात जोर राहिला नाही, तुला ठाऊक आहे का, असं धापा टाकत विचारलं. आई हळूच म्हणाली, "कवापास्नं सदऱ्याच्या गुंड्या मीच लावतोय की गं." पदर तोंडाला लावून ती रडली. मुकादमाचा हात उचलत नाही असं कळलं तर मालक घरी बसवेल, म्हणून आबांनी तिला शपथ घातली होती. ढेप फोडायचं काम त्यांनी भट्टीवरच्या दुसऱ्या गड्याकडं दिलं होतं. खडे मात्र तेच वाटायचे, आपल्या तळहातावर ठेवून, ज्यानं त्यानं उचलायचे. तळहात वर करून पुढं धरला तर पंजा लोंबतो हे दिसत नाही.

त्यानंतरचे दिवस मला विचाराल तर माझ्या तरुणपणातले सगळ्यात झणझणीत दिवस. मी बाईंचा उजवा हात झाले. गावातल्या पाच-सात पोरी जमवल्या आणि घरोघर जायला लागलो. भट्टीची कापडं घरच्या कपड्यांत धुवू नका. लेकराला उचलायच्या आधी हात धुवा. आणि गूळ, हात धुतल्याशिवाय गूळ न्हाय. बाईंनी हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की गुळात काही वाईट नाही, गुळाला चिकटून जे पोटात जातं ते वाईट. पण बायकांना पटवायचं म्हणजे काय सोपं? एक जण म्हणाली, भट्टीचा गूळ खाऊन माझा नवरा घोड्यासारखा राबतोय, तू कोण सांगणार. तिच्या अंगणातनं आम्ही तोंड पाडून निघालो आणि दुसऱ्या अंगणात जाऊन दुप्पट आवाजात सुरुवात केली. संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि पोटात आनंद नुसता उकळत असायचा. नापास पोरगी मी! आणि आता बायका मला वाटेत अडवून विचारत होत्या, सुशे, माझ्या धन्याच्या हिरड्या बघायला येतीस काय. आम्ही गेरू कालवला आणि भट्टीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरात लिहिलं, आधी नळ, मग गूळ. दुसऱ्या दिवशी कुणीतरी चुना फासला. आम्ही चुन्यावर लिहिलं, गेरू आणखी उठून दिसला. माझा नातू आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातो, जेवायच्या आधी साबणानं हात धुतल्याशिवाय कॅन्टीनचं दार उघडत नाही म्हणून कुरकुरतो. मी त्याला भिंतीची गोष्ट सांगायला लागले की म्हणतो, आज्जे, झाली की सांगून. होऊ दे. परत सांगणार.

बाईंची मागणी एवढीच होती की भट्टीवरच्या सगळ्यांनी एकदम रक्त तपासायला द्यावं. एकट्या-दुकट्यानं दिलं आणि त्यात शिसं निघालं तर मालक त्याला काढणार, हे उघड होतं. सगळ्यांचंच निघालं तर काढून काढणार किती? पण गडी तयार होईनात. रक्त काढून शहरात विकतात, कुणी म्हणायचं. मागून भट्टीच बंद पाडतील, कुणी म्हणायचं. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, आबा म्हणतील तसं. आबा काय म्हणत होते ते मी घरात रोज ऐकत होते. ज्या दिवशी भिंतीवरचं अक्षर माझं आहे असं त्यांना कळलं त्या दिवशी त्यांनी ताट लाथाडलं. माझ्यावर हात उगारला नाही, आणि का उगारला नाही हे मला माहीत होतं, म्हणून मला जास्तच रडू आलं.

"माझ्या हातच्या गुळात इष हाय म्हंतीस?" ते म्हणाले. "ज्यांस्नी मी पोरागत जपलं, त्यांस्नी मी इष चारलं?"

मी म्हणाले, "गुळात न्हाय, आबा. हातात हाय."

ते उठून गोठ्यात गेले आणि हरणीजवळ बसून राहिले. आई माझ्यावर ओरडली, तोंडाला काही लगाम? पण भांडी घासताना म्हणाली, खरं बोललीस.

बैठक ठरली सोमवारी, भट्टीच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी पारावर. पुढं गडी, मागं बायका, आणि झाडाच्या फांद्यांवर पोरं. बाईंनी मला शेजारी उभं केलं होतं, कारण हात मोजायचं काम माझं. रक्त द्यायला कोण तयार, त्यांनी हात वर करायचा. सगळे झाले तरच द्यायचं, नाहीतर कुणीच नाही. बाईंनीच तसं ठरवलं होतं. आबा आले. मला वाटलं नव्हतं येतील. धोतराचा सोगा हातात धरल्यासारखा करून, पंजा त्याच्या आड लपवून, ते पहिल्या ओळीत बसले आणि गड्यांनी सरकून त्यांना जागा दिली.

बाई थोडंच बोलल्या. मग म्हणाल्या, आता हात वर करा. एकही हात उठला नाही. मी बाईंकडं बघितलं, बाई गड्यांकडं बघत होत्या. तेवढ्यात दौलूमामा उठले. हे आमचे शेजारी, भट्टीवर ओतण्याचं काम करणारे, भला माणूस, आबांचा शब्द म्हणजे त्यांना देवळाची घंटा. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकल्याल्या, तुमचं बरूबरच असंल. पर आमचं साधं हाय. आबा कवापास्नं गूळ वाटत्यात, सोता खात्यात. त्यांस्नी काय झालंय का? न्हाय. मग आमास्नी काय व्हतंय?"

सगळे माना डोलवायला लागले. व्हय की, व्हय की, असं चारी बाजूंनी सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळी मोहीम कोसळली. आता ओरडून सांगावं का, आबांचा हात बघा म्हणून? तोंडाशी आलं होतं माझ्या. पण ते मी सांगायचं नव्हतं. मी आबांकडं बघितलं. ते खाली मान घालून मातीकडं बघत होते. एवढंच पुरे होतं त्यांना, नुसतं गप्प बसणं. त्यांनी गप्प बसायचं आणि नोकरी टिकायची, मुकादमी टिकायची. गडी दुसऱ्या दिवशी सकाळी परत तळहात पुढं करायला आले असते.

आबा उठले. सोगा सोडला आणि उजवा हात वर केला. खांद्यापासनं मनगटापर्यंत हात ताठ होता, आणि मनगटापुढं पंजा लटकत होता, ओल्या फडक्यागत. त्यांनी वळून तो सगळ्यांना दाखवला. मग डावाही वर केला, तोही तसाच. मी जन्मात आबांना कुणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं, आणि आता ते सगळ्या गावापुढं दोन्ही हात वर करून उभे होते आणि बोटं त्यांची खाली बघत होती.

"बगून घ्या," ते म्हणाले. "ह्योच हात तुमास्नी गूळ देत हुता. मी लपवलं. रक्त द्या, गड्यांनो."

दौलूमामा तसेच उभे, तोंड उघडं. आणि बायकांच्या गर्दीतून आई पुढं आली. आमच्यात चारचौघांत बाई अशी पुरुषांच्या ओळीतून जात नाही, पण ती लुगड्याचा काठ सावरत सरळ गेली, आबांच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांच्या उजव्या मनगटाखाली आपला हात घालून पंजा वर उभा केला. सरळ, इतरांचा असतो तसा. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मोज की गं. का उभी ऱ्हाईलीस?"

एक, असं मी म्हणाले. दौलूमामांनी हात वर केला. त्यांच्यामागच्यानं केला. मग सगळीकडून हात उठायला लागले आणि मी मोजता मोजता चुकले, परत सुरुवात केली, परत चुकले, डोळ्यांत पाणी येऊन सगळे हात एकात एक मिसळत होते. बाई हसत म्हणाल्या, राहू दे, दिसतंय की. झाडावरची पोरंसुद्धा हात वर करून बसली होती. त्या क्षणाचा आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही, आणि हे आमच्या ह्यांना मी सांगितलेलं आहे.

पुढं गोष्टी झाल्या त्या काही एका दिवसात झाल्या नाहीत. रक्त गेलं, सगळ्यांच्या रक्तात शिसं निघालं, कुणात कमी, कुणात लई. मालकानं आधी आरडाओरडा केला, मग भट्टी बंद ठेवून रुसून बसला, मग सरकारी साहेब चकरा मारायला लागले तेव्हा वाटाघाटीला आला. बाई, दौलूमामा आणि आबा त्याच्यापुढं बसले. नळ आला. साबण आला. भट्टीला उंच धुराडं आलं, कापडं तिथंच बदलायची आणि तिथंच धुवायची खोली आली. ज्यांच्या रक्तात जास्त शिसं त्यांना पूर्ण पगारात भट्टीपासून लांबचं काम मिळालं. आबा फाटकावर गेले. मुकादमाचा वॉचमन झाला म्हणून त्यांना सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण थोड्याच दिवसांत त्यांनी नळाचा ताबा घेतला आणि जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाचे हात उलटेपालटे करून तपासायला लागले. मालकाचे पण तपासले म्हणतात.

दवाखान्याच्या खेपा मात्र संपता संपेनात. औषधं, सुया, मनगटाला लाकडी पट्टी बांधायची, सकाळ-संध्याकाळ हात पाटावर ठेवून पंजा उचलायचा प्रयत्न करायचा. बाई सांगून गेल्या होत्या, नस धरली असेल तर वेळ लागेल, आणि येईलच असं मी खोटं सांगणार नाही. रोज पहाटे आई चूल पेटवायच्या आधी आबांच्या पाटाजवळ कंदील धरून बसायची. बोट हललं का? हललं वाटतंय. न्हाय, वाऱ्यानं. असं चालायचं. पोटातली कळ गेली, घुटं परत सुरू झालं, चेहऱ्यावर रंग आला, पण पंजा तसाच. आबांनी एकदा मला विचारलं, आयुष्यभर तुझ्या आईनंच गुंड्या लावायच्या काय?

आणि मग ती सकाळ. पाऊस संपून थंडी पडायला लागली होती, हरणीची धार मी काढून आणलेली, आई भाकऱ्या थापत होती आणि मला एक थापायला दिली होती. माझी भाकरी नेहमीसारखीच झाली, एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. आबा पाटावर बसून ती उलटून पालटून बघत म्हणाले, ही भाकरी हाय का कर्नाटकाचा नकाशा. मी म्हणाले, नाव कशाला ठेवता, तुम्हीच थापा की, दिवसभर फाटकावर बसून असताय तर. आबांचं डोकं सटकलं. मी चुलीकडं वळले होते आणि माझ्या पाठीत सणसणीत धपाटा बसला. फाट करून आवाज झाला.

आईच्या हातातली भाकरी तव्याच्या बाहेर पडली. मी वळून बघितलं. आबा आपल्या हाताकडं बघत होते. पंजा सपाट होता, मनगट सरळ होतं, बोटं ताठ होती, आणि तो कुणी धरलेला नव्हता. पाठ माझी चुरचुरत होती आणि मला इतकं हसू येत होतं आणि इतकं रडू येत होतं की काय करावं कळेना. आई उठली, आबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि परत सोडून दिला, परत घेतला, परत सोडला. तो खाली पडला नाही.

मी आबांच्या पुढ्यात पाठ करून बसले आणि म्हणाले, "आबा, अजून एक घाला."

दुसरा पहिल्यापेक्षा जोरात बसला.